बैलाच्या मागची भिंत

बैलांच्या स्लाइड मी पहिल्याच दिवशी वेगळ्या काढून बुटांच्या खोक्यात टाकल्या होत्या. त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही, असं ठरवूनच स्कॅनरपुढे बसले होते.

बाबा गुरांचे डॉक्टर. 1973 ते 1981 अशी आठ वर्षं त्यांनी धार जिल्ह्यातल्या निसरपुरला काढली. आजोबा पवारांच्या संस्थानात नोकरीला म्हणून धारला आले, तेव्हापासून आम्ही माळव्याचे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि निसरपुरच्या त्या आठ वर्षांत अंगणात निमाडी. बाबांकडे 35 मिलिमीटरचा कॅमेरा होता, पण तो कामासाठी घेतलेला. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या कसे ओळखायचे हे नुसतं सांगून शेतकऱ्यांच्या लक्षात राहत नसे. म्हणून ते आजारी जनावराचं तोंड, खूर, सुजलेला गळा यांच्या स्लाइड काढत आणि संध्याकाळी एखाद्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून गावाला दाखवत. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे त्या दिवशी आई स्वयंपाक उन्हातच उरकायची. प्रोजेक्टरच्या झोतात किडे नाचत आणि धोतरावर घराएवढा खूर दिसे.

एका रोलमध्ये 36 फोटो. रोगांचे काढून झाले की उरलेल्यांत बाबा बाजार टिपत, घाट टिपत, ओट्यावर बसलेली माणसं टिपत. रोल वाया जाऊ नये, एवढाच हेतू. आमच्याकडे निसरपुर आहे ते या उरलेल्या फोटोंमध्ये, असं मी कितीतरी महिने समजत होते.

गाव आता नाही. बाबा तिथे असतानाच, 1979 च्या डिसेंबरात, नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा आला आणि सरदार सरोवराची पाणीपातळी 138.68 मीटर ठरली. धरण गुजरातेत, पण पाण्याचा फुगवटा निमाडभर पसरणार होता. पुढची चाळीस वर्षं ‘डूब’, म्हणजे बुडीत क्षेत्र, हा शब्द तिथल्या प्रत्येक घरात होता. लग्न ठरवतानासुद्धा विचारायचे, घर डूबमध्ये आहे की बाहेर? 2017 च्या जूनमध्ये धरणाचे दरवाजे मिटले. त्याच जुलैअखेरीस चिखलदा गावात मेधा पाटकर उपोषणाला बसल्या. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं आणि निसरपुर पाण्याखाली गेलं. बाबांनी ते पाहिलं नाही. ते त्याआधीच गेले होते. मागे राहिली एक लोखंडी पेटी आणि तिच्यात साधारण 1400 स्लाइड.

त्या स्कॅन करताना जे शिकले ते लिहिते आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी पडून आहे त्यांच्यासाठी.

1. गठ्ठा मोडू नये

माझी सगळ्यात महाग चूक ही. पेटी उघडली आणि दोन दिवसांत जेवणाच्या टेबलावर ढीग लावले: बाजार, नदी, माणसं, घरचे, जनावरं. बघायला छान, नीटनेटकं वाटत होतं. प्रत्यक्षात मी बाबांची मांडणी उधळून टाकली होती. त्यांनी एकेक रोल एकेका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला होता आणि डबीत चिठ्ठी होती, ‘नि. 77/3’ अशी. निसरपुर, 1977, तिसरा रोल. स्लाइडच्या चौकटीवर लिहिलेलं असे ते फक्त रोगाबद्दल.

रोल म्हणजे माणूस त्या दिवशी ज्या वाटेने चालला ती वाट. आधी एका घरचा बैल, मग शेजारची गाय, मग गल्लीच्या टोकाचा पिंपळ, मग घाट. हा क्रम हातात असेल तर एका ओळखीच्या घरावरून पुढची चार घरं सापडतात. मी तो क्रम विस्कटला आणि प्रत्येक स्लाइड एकटी पडली. डब्यांतल्या चिठ्ठ्या एका वाटीत जमा करून ठेवल्या होत्या. त्या वाटीकडे पाहून मला पुढे कितीदा रडू आलं.

तेव्हा पेटी उघडल्यावर हात लावण्याआधी मोबाइलने फोटो काढा. पेटीचा, मग थराचा, मग प्रत्येक डबीचा आणि चिठ्ठीचा. आकडे द्यायचे ते याच क्रमाने द्या. विषयवारी नंतर संगणकावर हवी तेवढी करता येते, तिथे काही विस्कटत नाही.

2. फुंकर मारू नये, आणि पाणी मुळीच लावू नये

तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि फिल्मवर कायमचे बसतात. कॅमेऱ्याच्या दुकानात रबरी फुगा मिळतो, त्याची हवा मारायची, मग अगदी मऊ ब्रश. धुळीला एवढं पुरतं.

बुरशीचं तसं नाही. नदीकाठच्या गावातले आठ पावसाळे त्या पेटीने खाल्ले होते. कित्येक स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे होते. कॅमेऱ्याची काच पुसतो तसं मी कापसाचा बोळा थोडा ओला करून एका स्लाइडवर फिरवला. बोळ्याला रंग लागला. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं, आणि बुरशी ते जिलेटिन पोखरून असं करून ठेवते की ते पाण्यात विरघळतं. माझ्या बोटाखाली एका बाईचा चेहरा एका क्षणात पुसला गेला. डोक्यावर पितळी घागर, निळं लुगडं, मागे दाराची चौकट, सगळं जसंच्या तसं आणि चेहऱ्याच्या जागी पारदर्शक डाग. ती कोण होती हे आता कोणी सांगू शकणार नाही.

बुरशी लागलेली स्लाइड आहे तशी स्कॅन करा. धागे चित्रात येतील, येऊ द्या. ते नंतर पडद्यावर एकेक पुसता येतात आणि पुसताना चूक झाली तर मागे फिरता येतं. स्कॅन झाल्यावर त्या स्लाइड बाकीच्यांपासून वेगळ्या, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

3. आकड्यांना भुलू नये

मी घेतला तो साधा फ्लॅटबेड स्कॅनर, झाकणात दिवा असलेला. झाकणात दिवा हवाच, कारण स्लाइडमधून उजेड आरपार जावा लागतो. कागदपत्रांच्या स्कॅनरवर स्लाइड ठेवली तर काळा चौकोन येतो, बाकी काही नाही.

खोक्यावर 6400 डीपीआय लिहिलेलं असतं. एकच स्लाइड 2400, 3200 आणि 6400 वर स्कॅन करा आणि एखादी बारीक गोष्ट, दोराचा पीळ किंवा खाटेचा विणलेला सुंभ, मोठी करून बघा. माझ्या यंत्रावर 3200 च्या पुढे नुसती फाइल फुगत होती, दोराचा एक धागाही जास्त दिसत नव्हता. स्लाइडचं चित्र 36 बाय 24 मिलिमीटरचं असतं. 3200 वर त्याचे साधारण 4500 बाय 3000 ठिपके होतात, म्हणजे सुमारे साडेतेरा मेगापिक्सेल. घरातल्या कुठल्याही छपाईला हे भरपूर आहे. 48 बिटच्या टिफ फाइलमध्ये एक स्लाइड सुमारे 80 एमबी होते आणि 1400 स्लाइडना 115 जीबीच्या आसपास जागा लागते. एका साध्या हार्ड डिस्कमध्ये सगळं मावतं.

स्कॅनरच्या पट्टीत एका वेळी 4 स्लाइड बसतात. साफ करणं, ठेवणं, स्कॅन, नाव देणं असं करत एका संध्याकाळी 24 होतात. त्याहून जास्त केल्या तर हात चुकतो. या हिशेबाने माझ्या 58 संध्याकाळी व्हायला हव्या होत्या, झाली दोन वर्षं.

दुकानात देऊन का नाही टाकल्या, असं भावाने विचारलं. दुकानात त्या लवकर झाल्या असत्या हे खरं, पण मग प्रत्येक स्लाइडपाशी पाच मिनिटं कोण बसलं असतं? मला वाटतं, ज्याने ते गाव पाहिलंय त्यानेच बसावं.

4. धूळ काढणारा दिवा सगळीकडे चालत नाही

चांगल्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखायची सोय असते. फिल्मच्या रंगांतून ते किरण आरपार जातात, धुळीच्या कणापाशी अडतात, त्यावरून यंत्र कण हेरतं आणि चित्रातली ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतं. रंगीत स्लाइडना हे वरदान आहे. कृष्णधवल फिल्मवर मात्र बंद ठेवा, कारण तिच्यातली चांदी किरणांना अडवते आणि यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. कोडाक्रोम फिल्मवरही ते गडबडतं. मामा अमेरिकेहून आले तेव्हा त्यांनी बाबांना कोडाक्रोमचे 3 रोल दिले होते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनीही त्यांचे रंग काल काढल्यासारखे आहेत, पण धुळीची सोय चालू ठेवून स्कॅन केल्यावर होड्यांचे दोर आणि काळ्या रेषा मधूनमधून तुटल्या. ते 3 रोल मी पुन्हा, सोय बंद करून केले.

5. नदी कुठून कुठे वाहते ते बघावं

लॅबमधून फिल्मची अख्खी पट्टी यायची. बाबा ती कात्रीने कापून एकेक फोटो प्लॅस्टिकच्या चौकटीत स्वतः बसवत. जी स्लाइड गावाला दाखवायची तिच्या कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका. स्लाइड सरळ धरली की ठिपका डाव्या हाताला खाली यायचा. प्रोजेक्टरमध्ये ती उलटी जाते, तेव्हा तोच ठिपका उजव्या अंगठ्याखाली वर येई. रोगांच्या सगळ्या स्लाइडवर ठिपके आहेत. उरलेल्या फोटोंवर नाहीत, कारण ते कधी कुणाला दाखवलेच नव्हते. त्यांतले काही चौकटीत पालथे बसले होते आणि मी ते तसेच स्कॅन केले.

कोटेश्वरच्या घाटाचा एक फोटो मला फार आवडतो. पहाटेचा उजेड, पायऱ्या, बांधलेली एक नाव. निसरपुरच्या लोकांच्या पुनर्वसन वसाहतीतल्या एका केवट, म्हणजे नावाडी, आजोबांना मी तो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरला आणि म्हणाले, नर्मदा उलटी वाहतेय. मला काही कळेना, पाणी तर स्थिर दिसत होतं. त्यांनी नावेवर बोट ठेवलं. बांधलेल्या नावेचं तोंड नेहमी प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतं. आपला काठ उत्तरेचा. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं, मग नावेचं तोंड डावीकडे हवं. फोटोत ते उजवीकडे होतं.

घरी येऊन स्लाइड उजेडात तिरपी धरली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी किंचित मंद, तिच्यावर चित्राचा अगदी हलका उठाव दिसतो. ती बाजू चुकीच्या अंगाला होती. त्यानंतर सगळ्या बिनठिपक्याच्या स्लाइड पुन्हा तपासल्या. 71 पालथ्या निघाल्या. चित्रात एखादी पाटी, अंक, घड्याळ असेल तर चूक लगेच कळते. नसेल तर तिथल्या माणसाला विचारण्याला पर्याय नाही.

6. रंग सुधारताना पांढरं शोधावं

त्या काळच्या बऱ्याच रंगीत फिल्ममधला निळसर हिरवा रंग आधी उडतो आणि लाल मागे उरतो. आमच्या बहुतेक स्लाइड गुलाबी-तांबूस झाल्या होत्या. स्कॅनरमधलं आपोआप रंग सुधारायचं बटण दाबलं तर नर्मदा कॅलेंडरवरच्या समुद्रासारखी निळी झाली. मी त्या नदीत पोहायला शिकले आहे, ती अशी कधी नव्हती.

उपाय सापडला बैलांमुळे. निमाडी बैलाची कांती तांब्यासारखी लाल, अंगावर पांढरे डाग. पोटाखालचा किंवा पायाचा एखादा स्वच्छ पांढरा डाग निवडून सॉफ्टवेअरला सांगायचं की हे पांढरं आहे. मग बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. भिंतीचा शेणा-मातीचा रंग, चुन्याचा हात, मिरचीचा ढीग. एका बैलावरून त्या रोलचं माप ठरलं की तेच माप पुढच्या पस्तीस फोटोंना लावायचं, घाटालाही. पाणी हिरवट, जरा मातकट झालं आणि मला ओळखू आलं. पण यासाठी रोल एकत्र हवा, म्हणून पुन्हा पहिल्या मुद्द्यावर जाते.

मूळ स्कॅन मात्र गुलाबीच राहू द्या. सुधारायचं ते त्याच्या प्रतीत.

7. मोबाइलवर दाखवू नये, छापून न्यावं

पहिल्या खेपेला मी लॅपटॉप घेऊन वसाहतीत गेले. उन्हात पडदा दिसेना. ज्यांना दाखवायचे ते सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कुणाचं राहिलेलं. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि ते माझ्या वेगाने बघत होते. अर्ध्या तासात सगळे अवघडून गप्प झाले.

दुसऱ्या खेपेला चार बाय सहाचे 60 फोटो छापून नेले. ते हातोहात फिरले. एक काकी एक फोटो घेऊन उजेडाकडे गेल्या, परत आल्या, तो त्यांनी पदराने पुसला आणि म्हणाल्या, “यो तो म्हारो ओटलो छे.” ओटला म्हणजे घरापुढचा ओटा. निमाडात घर ओळखतात ते ओटल्यावरून, कारण संध्याकाळ तिथेच जाते.

मग जे घडलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी तो फोटो खाटेवर ठेवला. दुसऱ्या एकीने शेजारचं घर शोधून त्याच्या बाजूला ठेवलं. तिसऱ्या आजोबांनी समोरची बाजू लावायला घेतली. थोड्या वेळात खाटेवर गल्ली उभी राहिली, दोन्ही ओळी, मधून रस्ता, टोकाला पिंपळ. वसाहतीत प्लॉट मिळाले तेव्हा शेजारी शेजाऱ्याजवळ राहिला नव्हता. ही माणसं आता वेगवेगळ्या रांगांत राहतात. खाटेवर ती पुन्हा ओळीने बसली. ज्या घराचा फोटो नव्हता तिथे त्यांनी जागा सोडली आणि कुणी काडेपेटी, कुणी सुपारी, कुणी खडा ठेवला. ही काडेपेटी म्हणजे अमक्याचं घर. अशा 17 जागा होत्या.

त्यातल्या एका खड्यावर बोट ठेवून एक आजोबा म्हणाले, माझ्या घराचा फोटो नाही कसा? डॉक्टरसाहेबांनी माझ्या बैलाचा फोटो काढला होता की. धोतरावर दाखवला होता. मागे माझी भिंत होती.

बुटांचं खोकं धारला कपाटावर पडलं होतं.

बैलांची 400 हून जास्त चित्रं मी त्यानंतर स्कॅन केली. बाबांचं लक्ष खुरावर आणि तोंडावर होतं, पण प्रत्येक बैल कुठेतरी उभा होता. कुणाच्या दारात, कुणाच्या भिंतीशी. भिंतीवर दिवाळीचा मांडणा म्हणजे हाताने काढलेली नक्षी, खुंटीला टांगलेला कंदील, दारावर खडूने मांडलेला उधारीचा हिशेब. रोलमधल्या उरलेल्या फोटोंत लोक ओटला झाडून, चांगले कपडे घालून उभे होते. बैलांच्या मागे घर रोज असतं तसं होतं. काही स्लाइड बुळकांडीच्या आहेत. त्या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या गोठे रिकामे केले आणि 2011 मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. एकाच चौकटीत पुढे संपलेला रोग आणि मागे संपलेलं गाव. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते फक्त लक्षणं टिपत होते.

खाटेवरच्या 17 मोकळ्या जागांपैकी 11 बैलांनी भरल्या.

8. सांगितलेलं तिथल्या तिथे लिहावं

फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, सांगणाऱ्याच्या शब्दांत. घरी जाऊन लिहू म्हटलं की चार नावांतली दोन जातात. दोघांनी दोन वेगळी घरं सांगितली तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. खरं कोणतं हे ठरवायची घाई करू नका, पुढच्या खेपेला तिसरा माणूस सांगतो. मग ते फाइलच्या आत, वर्णनाच्या रकान्यात मराठीत भरा, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी नाव त्याच्याबरोबर जाईल. फाइलचं नाव मात्र साधे आकडे ठेवा, रोल आणि फोटो क्रमांक.

पहिल्या आणि तिसऱ्या खेपेच्या मधल्या दीड वर्षात खाटेभोवतीच्या लोकांपैकी तिघं गेले. स्लाइड अजून वीस वर्षं कपाटात तग धरतील. आधी माणसांकडे जा.

9. प्रती

तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. माझी एक धारला, एक पुण्याला भावाकडे, एक ऑनलाइन. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला तर तो आकसतो. मूळ स्लाइड फेकू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

10. चौकट उघडून बघावी

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. स्लाइडची चौकट चित्राच्या कडा झाकते. चारही बाजूंनी अर्धा-एक मिलिमीटर. फिल्मच्या काठावर छापलेला फोटोचा क्रमांकही तिच्याखाली असतो. बाबांच्या चौकटी प्लॅस्टिकच्या, नखाने उघडणाऱ्या. त्या उघडल्यावर क्रमांक मिळाले, फिल्मचा प्रकार आणि कात्रीच्या खुणा जुळवल्या, आणि वाटीतल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्याअधिक चिठ्ठ्यांना त्यांचे रोल परत मिळाले. सगळ्या स्लाइड उघडायची गरज नाही, आणि पुठ्ठ्याच्या चौकटी कापाव्या लागतात म्हणून त्यांना हात लावायच्या आधी दहादा विचार करा.

त्या आजोबांच्या बैलाचा फोटो घेऊन मी गेले तेव्हा त्यांनी आधी बैलाचं नाव सांगितलं, मग भिंत बघितली, मग फोटोच्या उजव्या काठाशी थांबले. बैलाचा दोर काठापर्यंत जात होता आणि दोरावर दोन बोटं होती. बाकी सगळं चौकटीने कापलेलं. ते म्हणाले, ही माय आहे माझी. बैल तिच्याच हाताला ऐकायचा. आईचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता.

धारला येऊन मी ती चौकट उघडली. काठावर 31 आकडा होता. उघडी फिल्म स्कॅनरवर ठेवली. आधी न दिसणारा एक मिलिमीटर. बैल जवळून घेतलेला, साऱ्या चित्राची रुंदी अडीच मीटरची असेल, म्हणजे त्या एका मिलिमीटरात त्या जागेची सात सेंटिमीटर. त्यात उरलेली बोटं आली, मूठ आली, मनगट आलं आणि मनगटात चांदीचं जाड कडं.

ते मोठं छापून दिलं. त्यांनी मुलीला आत पाठवलं. तिने कपड्यात गुंडाळलेलं एक कडं आणून फोटोवर ठेवलं.

बाबांनी चौकटीवर लिहिलं होतं: खुरकूत, उजवा पुढचा खूर. मी वर्णनाच्या रकान्यात ते तसंच ठेवलं आणि खाली जोडलं: नि. 77/3, फोटो 31. मागे घराची पूर्वेची भिंत, तिच्यावर मांडणा. दोर धरला आहे तो घरमालकाच्या आईने.

गल्लीतल्या 6 जागांवर अजून खडे आहेत. खोक्यात चौकट न उघडलेल्या 212 स्लाइड उरल्या आहेत. दिवाळीच्या आत त्या पुऱ्या करून पुन्हा जायचं आहे.